बेटांवरच्या पाखरांची नोंद ठेवणारा माणूस : हुमायून अब्दुलअली

मे महिन्याच्या अखेरीस आपल्या घिवलीच्या किनाऱ्यावर एक बदल दिसतो. होड्या वर ओढल्या जातात, जाळी घरी येतात आणि पावसाळ्याची मासेमारीबंदी सुरू होण्यापूर्वीची आवराआवर चालू होते. त्याच सुमारास किनारा पाखरांवाचून ओका वाटू लागतो. हिवाळाभर मासळीच्या ढिगांभोवती कलकलाट करणारे कुरव केव्हाच उत्तरेकडे निघून गेलेले असतात. पाण्यावर सूर मारून मासा उचलणारे सुरय पक्षीही फारसे दिसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले की, हे पक्षी आपल्याकडे खातात-पितात, पण त्यांची अंडी आपण कधीच का पाहत नाही? ते घरटी करतात तरी कोठे?

मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो, असे म्हणून वेळ मारून नेली. पुढे शोधता शोधता एका माणसाच्या चरित्रापर्यंत जाऊन पोहोचलो. पक्षिशास्त्रज्ञ म्हटले की आपल्या समाजातील लहानथोर सर्वांना डॉ. सलीम अली यांचे नाव आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्याच नात्यातील, त्यांच्याच शहरातील आणि त्यांच्याच संस्थेत आयुष्य वेचलेले हुमायून अब्दुलअली हे नाव अभ्यासकांमध्ये मोठे असूनही आपल्या घराघरांत मात्र पोहोचलेले नाही. त्यांची ओळख पालकांना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेख.

बालपण व शिक्षण

हुमायून अब्दुलअली यांचा जन्म १९ मे १९१४ रोजी जपानमधील कोबे या बंदरात झाला. वडील व्यापारी होते व व्यापाराच्या निमित्ताने कुटुंब तेथे राहत होते. मुंबईतील ज्या मुस्लिम व्यापारी घराण्यांनी इंग्रजी शिक्षण लवकर जवळ केले, त्यांपैकी हे एक घराणे. हुमायून वाढले ते मुंबईत, आणि त्यांचे शिक्षणही सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. सलीम अली त्यांचे नात्याने भाऊ, पण वयाने सुमारे अठरा वर्षांनी मोठे.

त्या काळच्या अनेक निसर्गप्रेमींप्रमाणे हुमायून यांनाही शिकारीचा नाद होता. रानात जावे, बंदूक चालवावी, वाटेत जे दिसेल ते डोळ्यांत साठवावे, असे ते दिवस होते. मात्र त्यांच्या ठिकाणी एक वेगळी सवय लहानपणापासूनच होती. पाहिलेली गोष्ट ते लिहून ठेवीत. १९३१ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांची एक छोटी टीप बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. विषय साधाच होता. कावळ्याच्या एकाच घरट्यात कोकिळेची अकरा अंडी आढळली होती. कावळ्याचे घरटे आपल्याही दारच्या झाडावर असते, पण त्यात डोकावून अंडी मोजण्याचे आणि तो आकडा लिहून पाठविण्याचे कष्ट किती जण घेतात? पुढे सहा दशकांहून अधिक काळ ते याच नियतकालिकात लिहीत राहिले. त्यात त्यांच्या कितीतरी नोंदी व लेख आहेत.

ही सोसायटी १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १९३६ पासून सलीम अली व हुमायून अब्दुलअली या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टी येथील पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. साष्टी म्हणजे वसईच्या खाडीपलीकडचा प्रदेश, आपल्या पालघर जिल्ह्याचा दक्षिणेकडील शेजारी. त्या भागात तेव्हा कोणते पक्षी होते आणि कोणत्या महिन्यात दिसत, हे आज सांगावयाचे झाल्यास याच लेखमालेकडे वळावे लागते. त्यांपैकी कित्येक जागी आज इमारती उभ्या आहेत.

वेंगुर्ल्याचे खडक

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. कुरव हे दूर उत्तरेकडच्या थंड देशांत जाऊन अंडी घालतात. काही जातींचे सुरय मात्र आपल्या कोकणाच्या समुद्रातच घरटी करतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. तेथे दीपगृह आहे, पण गावाची वस्ती नाही. माणसाची व कुत्र्या-मांजरांची वर्दळ नसल्यामुळे सुरय पक्षी तेथे उघड्या खडकावर, दगडांच्या खोबणीत अंडी घालतात. त्याच बेटांवरील काळोख्या कपारींत एक जातीची पाकोळी राहते. ती आपल्या लाळेत थोडे पीस, थोडे गवत मिसळून कातळाला वाटीसारखे घरटे चिकटवते. अशा लाळेच्या घरट्यांना पूर्वेकडील देशांत मोठी किंमत मिळते, कारण तेथे त्यांचे सार करून पितात.

या बेटांवर पक्ष्यांच्या शोधात प्रथम गेलेल्यांपैकी एक म्हणजे ॲलन ह्यूम. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेणारे ते हेच गृहस्थ. ते १८७५ च्या हिवाळ्यात गेले, तेव्हा घरट्यांचा हंगाम संपून कैक महिने लोटले होते. मेलेल्या पक्ष्यांचे उन्हात वाळलेले सांगाडे तेवढे त्यांना पाहावयास मिळाले. बेटांवरील पक्षिजीवन समजून घ्यावयाचे तर उन्हाळा गाठला पाहिजे, हा त्यातून मिळणारा धडा. आणि उन्हाळा म्हणजे फार थोडे दिवस. कोकणचा समुद्र ज्याने पाहिला आहे त्याला सांगावयास नको की, वैशाखाच्या अखेरीस वारा फिरतो, लाटा उंच होतात आणि खडकाला होडी लावणे जिवावरचे काम होते.

हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास या खडकांवरील सुरय व पाकोळ्यांचा अभ्यास करून सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. घरटी कोठे आहेत, कोणत्या जातीची आहेत, अंडी कशी आहेत, ह्यूम यांच्या काळाहून काय निराळे दिसते, अशा गोष्टींची ती शांत मांडणी आहे. अभ्यासकाच्या वयाची तेव्हा तिशीही पूर्ण झालेली नव्हती. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथील पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी उघडकीस आणून त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पूर्वी येथे काय होते, हे सांगणारी जुनी नोंद हाताशी असली म्हणजे अशा कामाला आधार मिळतो.

कायदा घडविणारा शिकारी

स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकारी मायदेशी परतले आणि त्यांच्या आधारावर चालणाऱ्या अनेक संस्था अडचणीत आल्या. नॅचरल हिस्टरी सोसायटी सावरण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सलीम अली यांच्याबरोबर हुमायून अब्दुलअली यांचाही वाटा होता. १९५० च्या दशकात व त्यानंतरही काही वर्षे ते सोसायटीचे मानद सचिव होते. मानद म्हणजे बिनपगारी. पोटापाण्यासाठी त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. नियतकालिकातील त्यांच्या लेखांखाली जो पत्ता असे, तो कोणत्या विद्यापीठाचा नसून मुंबईच्या गजबजलेल्या अब्दुल रहमान स्ट्रीटचा असे. दिवसा व्यापार आणि उरलेल्या वेळात पक्षी, अशी ही दुहेरी चाकरी त्यांनी जन्मभर केली.

याच काळात मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा मसुदा तयार करण्यात हुमायून अब्दुलअली यांचा प्रमुख हात होता. कोणत्या प्राण्याची शिकार केव्हा करू नये, कोणत्या प्राण्याची मुळीच करू नये, हे नियम स्वतः शिकारी असलेल्या माणसाने बसविले. शिकाऱ्याला पळवाटा ठाऊक असतात, त्यामुळे त्या बुजविण्याचे कामही त्यालाच चांगले जमते. १९७२ साली संपूर्ण देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा मुंबई राज्याच्या या कायद्याचा अनुभव पाठीशी होता.

अंदमान आणि निकोबार

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस सहसा प्रवास कमी करतो. हुमायून अब्दुलअली यांनी मात्र या वयात बंगालच्या उपसागरातील अंदमान-निकोबार बेटे अभ्यासासाठी निवडली. पाचशेहून अधिक बेटे, बहुतेक निर्जन आणि घनदाट जंगलाची. मुख्य भूमीवरून पोर्ट ब्लेअरला जहाजाने पोहोचावयास तीन-चार दिवस लागत, आणि तेथून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचे तर मिळेल त्या बोटीची वाट पाहावी लागे. पावसाळा लांबलचक असल्याने कामाचा काळही मर्यादित होता.

अशा प्रदेशात ते पुनःपुन्हा गेले. १९६४ साली अंदमान व निकोबारच्या पक्ष्यांवर जवळजवळ नव्वद पानांचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९६७, १९७१, १९७४ आणि १९७९ साली त्यांनी याच बेटांवर आणखी लेख लिहिले. पहिल्या लेखात राहिलेल्या गोष्टी दुसऱ्यात आल्या, दुसऱ्यातील शंका तिसऱ्यात तपासल्या गेल्या. स्वतःचेच लिखाण पुन्हा तपासून दुरुस्त करण्याचा हा गुण विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

या बेटांचे वैशिष्ट्य असे की, चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे तेथील पक्षी हजारो वर्षे इतरांपासून वेगळे राहिले व हळूहळू वेगळ्या जातींचे झाले. नारकोंडम हे उत्तर अंदमानच्या पूर्वेस असलेले ज्वालामुखीचे बेट केवळ सात चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे धनेश पक्ष्याची एक जात राहते, जी जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाही. बहुतेक धनेशांप्रमाणे तिची मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते. केवळ चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि पिलू मोठे होईपर्यंत नर तिला फळे आणून भरवतो. तो नर मेला तर आतले सारे कुटुंब संकटात येते. आणि त्या लहानशा बेटावरचे जंगल गेले तर ती जात पृथ्वीवरून गेली. अब्दुलअली यांनी या बेटावर दोन स्वतंत्र लेख लिहिले ते उगीच नव्हे.

निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी आहे. तो अंडी उबवीत नाही. किनाऱ्यालगत रेती व पालापाचोळा यांचा भला मोठा ढीग रचून त्यात अंडी पुरतो, आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेने ती उबतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीची लाट आली तेव्हा निकोबारच्या किनाऱ्यांबरोबर असे असंख्य ढीग वाहून गेले. त्यापूर्वीचा निकोबार कसा होता, हे सांगणाऱ्या कागदांमध्ये अब्दुलअली यांचे लेख आहेत. स्वतः अब्दुलअली मात्र तोवर हयात नव्हते.

कपाटातले घुबड

या साऱ्या प्रवासातील एक गोष्ट मला फार शिकवून गेली. १९६६ साली ग्रेट निकोबारवरील कॅम्पबेल बे येथे त्यांना एक लहान घुबड मिळाले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पक्षी मारून, कातडे पेंढा भरून जतन करीत आणि पायाला चिठ्ठी बांधीत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि मिळविणाऱ्याचे नाव. १९७७ साली त्याच ठिकाणाहून तसेच आणखी एक घुबड मिळाले. दोन्ही मुंबईला सोसायटीच्या संग्रहात आली आणि कपाटात राहिली.

१९९८ साली पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ महिलेने ही दोन घुबडे बारकाईने तपासली आणि ही जगाला आजवर अपरिचित असलेली वेगळी जात आहे, असे जाहीर केले. पहिले घुबड मिळाल्यापासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. चिठ्ठीवर ठिकाण चुकले असते, तारीख राहून गेली असती, तर कितीही विद्वान माणूस आला तरी त्या पेंढा भरलेल्या घुबडाला काही मोल राहिले नसते. जातीचे नाव दुसऱ्याने दिले, कीर्तीही दुसऱ्याला मिळाली, पण ती शक्य झाली ती त्या चार ओळींच्या अचूक चिठ्ठीमुळे. त्या वेळी अब्दुलअली चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

असे काम त्यांनी एका घुबडापुरते केले नाही. सोसायटीच्या संग्रहातील हजारो पक्षी एकेक करून तपासणे, मोजमापे घेणे, चिठ्ठ्या पडताळणे आणि त्यांची यादी छापणे, हे काम त्यांनी १९६८ पासून पुढे सुमारे तीन दशके चालविले. या कामात प्रवासाची मौज नाही, सभेतील टाळ्या नाहीत. परंतु भारतीय पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

बेडकांवरही त्यांचे प्रेम होते. १९५५ साली सह्याद्रीतील बेडकाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले. परदेशी जेवणासाठी भारतातून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असत. शेतातील कीड खाणारा हा प्राणी परकीय चलनासाठी मारला जात आहे, हे त्यांनी १९८५ साली सविस्तर लेख लिहून दाखवून दिले. १९८७ साली सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. भातशेती करणाऱ्या आपल्या भागाने याबद्दल त्यांचे ऋण मानावयास हवे.

३ जून २००१ रोजी मुंबईत वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे

पालकहो, आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, तारापूरच्या प्रकल्पात किंवा बोईसरच्या कारखान्यात नोकरी मिळवावी, असे आपल्याला वाटते. त्यात गैर काही नाही. घर चालले पाहिजे. हुमायून अब्दुलअली यांनीही व्यवसाय सोडला नाही. परंतु पोटाच्या कामापलीकडे एक काम त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले आणि त्यासाठी कोणाच्या पगाराची वाट पाहिली नाही. घरात मोठ्या कीर्तीचा भाऊ असताना त्याच्या सावलीत कुढत न बसता, आपल्या वाट्याचे काम त्यांनी निगुतीने केले. आपल्या मुलांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या प्रत्येक घराने हा भाग नीट वाचावा.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. महाविद्यालयात असताना एका पावसाळ्यात वादळी रात्रीनंतर आमच्या किनाऱ्यावर काळपट रंगाचा एक अनोळखी समुद्रपक्षी थकून पडलेला मी पाहिला. गावातील कोणीही त्याला ओळखले नाही. संध्याकाळी तो मेला. मी ना तारीख लिहिली, ना पंखांची लांबी मोजली. तो कोणता असावा, असे पुढे एका जाणकाराला विचारले, तेव्हा त्यांनी मला वर्ष व महिना विचारला आणि मला तोही धड सांगता आला नाही. मी पदवीधर होतो आणि सतरा वर्षांच्या त्या मुलाइतकेही मला जमले नव्हते.

आज आपला किनारा झपाट्याने बदलत आहे. आपल्या उत्तरेस वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिकडे ग्रेट निकोबारलाही मोठ्या बंदराच्या योजनेला २०२२ साली पर्यावरणाची मंजुरी मिळाली. त्याचे बरेवाईट परिणाम काय होतील, हे येणारा काळ ठरवील. परंतु तीस वर्षांनी कोणी विचारले की, घिवलीच्या खडकांवर पूर्वी कोणते पक्षी येत, कोणत्या महिन्यात येत आणि किती येत, तर उत्तर देणारा कागद आपल्या गावात असावयास हवा. तो दुसरे कोणी येऊन लिहिणार नाही.

त्या सहावीच्या मुलाला मी शेवटी उत्तर दिले, आणि सोबत शंभर पानी वही दिली. तीन रकाने आखून दिले : तारीख, ठिकाण, काय दिसले. आता तो आठवीत आहे. आतापर्यंत वहीची एकतीस पाने भरली आहेत. हस्ताक्षर सुधारावयास हवे, पण एकाही ओळीत तारीख राहिलेली नाही. विद्यार्थी मित्रहो, ज्याला अशी वही सुरू करावयाची असेल त्याने सुट्टी संपण्याची वाट न पाहता मला येऊन भेटावे. रकाने मी आखून देईन.